दामूची एकचाकी आणि माझा शाफ्ट

दामू गेला त्याला आता सहा आठवडे होत आले. सोमवारची सकाळ होती. पावणे गावच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी नुकताच लेथवर एक दांडा कातायला लावला होता आणि शेजारच्या गाळ्यातला वेल्डर दारातूनच ओरडला, "सातारकर, मशीन बंद करा. दामू काल एकचाकीवरनं पडला... जागेवरच गेला." मी मशीन बंद केलं. इतक्या वर्षांचा दोस्त गेला म्हटल्यावर डोळ्यांत पाणी यावं, तोंडातून काहीतरी निघावं. माझं तसं काहीच झालं नाही. डोक्यात एकच गोष्ट आली. ती लिहायची लाज वाटते, पण लिहितो. त्या एकचाकीचा शाफ्ट मी केला होता.

दामू आमच्याकडे फिटर. गाव खाडीकाठचं, वर्कशॉपपासून चालत जाण्याएवढं जवळ. वडिलांची भातशेती नव्या शहरासाठी गेली आणि सत्तरचं दशक संपता संपता तिच्यावरून गुळगुळीत डांबरी रस्ता झाला. दिवसभरात चार गाड्याही त्यावरून जायच्या नाहीत. "बापाच्या शेतावर रस्ता बांधून दिलाय, तो मी वापरनारच," असं दामू म्हणायचा. वापरणार कसा, तर एका चाकावर. भंगारातल्या सायकलचं चाक, त्यावर सीट, आणि सीटपुढे चक्क हँडल! मी पोट धरून हसलो. पुढे चाकच नाही तर वळवणार काय, कपाळ? दामू शांतपणे म्हणाला, "वळवायला नाय रे. मानसाला धरायला कायतरी लागतं." हँडलला त्याने घंटी बसवली. ब्रेकही बसवला होता, पण पहिल्याच दिवशी तो दाबला आणि स्वारी नाकावर आपटली, तेव्हा ब्रेक तेवढा निघाला. गावातली एक म्हातारी रोज विचारायची, "दामू, दुसरा चाक कंदी लावतंस?" आणि हा रोज सांगायचा, "तुजं दुसरं लगीन लागलं का लगेच!"

चाकाबरोबर फिरेल आणि दोन्ही टोकांना पायडल घेईल असा शाफ्ट बाजारात मिळेना, म्हणून तो माझ्याकडे आला. स्वतःची कामं करायची आमची वेळ ठरलेली असे : मालक घरी जेवायला गेले की परत येईपर्यंत. दामूने खडूने जमिनीवर आकृती काढली आणि बजावलं, "शाफ्ट जाडाचा बारीक होतो ना, तो कोपरा गोल ठेव. तडा तिथनंच जातो." मी रीतसर शिकलेला टर्नर, आणि हा फिटर मला शिकवणार! शिवाय गोल कोपऱ्यासाठी हत्यार वेगळं घासून घ्यावं लागतं. तेवढ्यात बाहेर मालकांची स्कूटर वाजली. कोपरा तसाच काटकोनात राहिला. शाफ्ट त्याच्या हातात कोंबत मी म्हणालो, "घे, तुझ्या सर्कशीला एवढा बास." त्याने अंगठ्याने कोपरा चाचपला, माझ्याकडे पाहिलं आणि शाफ्ट खिशात टाकला.

महिनाभर गुडघे फोडून घेतल्यावर त्याला ती जमली. मग दर रविवारी सकाळी धुतलेला शर्ट घालून, घंटी वाजवत गडी बापाच्या शेतावरून निघायचा. मलाही एकदा बसवलं त्याने. "हँडल सोडू नको, बाकी काय पन सोड," म्हणत सोबत धावला. मी दहा हात गेलो असेन आणि मग दोघंही रस्त्यावर बसून हसत राहिलो. त्याच रस्त्यावर तो पडला. मी खांदा दिला, पण शाफ्ट मोडला का, हे त्या गर्दीत कुणाला विचारायचं धाडस झालं नाही. लेथवर कुठलाही शाफ्ट लावला की आधी त्याचा कोपरा चाचपायचो... माणूस मारून बसलोय आणि कुणाला ठाऊकच नाही, असं वाटायचं.

तेराव्यानंतर दामूच्या घरी गेलो. वहिनी म्हणाली, "डाक्टर बोलला, हार्ट बंद पडला. पडायच्या आदीच गेले होते." तरी माझं समाधान होईना. पडवीत एकचाकी भिंतीला टेकून उभी होती. मी खाली बसून पायडलच्या मागे बोट घातलं. कोपरा छान गोल, गुळगुळीत. हा शाफ्ट माझा नव्हताच! जीव भांड्यात पडला आणि दुसऱ्याच क्षणी संताप आला. माझा लेथ वर्कशॉपच्या त्याच छपराखाली असताना हा गेला तरी कुणाकडे?

"वहिनी, हा कधी बदलला?"

ती आत जाऊन खलबत्त्याजवळची लोखंडी कांडी घेऊन आली. माझा शाफ्ट! लसणाचा वास येत होता. काटकोनी कोपऱ्यावर नख फिरवलं तर तडा नखाला लागला, जवळजवळ अर्ध्या घेरापर्यंत गेलेला.

"तुमाला दाखवू नको बोललेले," वहिनी म्हणाली. "त्याला वाईट वाटंल, बोलले. तुर्भ्याला जाऊन दुसरा करून आनला. माजी पोरगी रांगत होती तवा."

पोरगी समोर पाटी घेऊन बसली होती, दुसरीतली. म्हणजे गेली सहा वर्षं... आणि या सहा वर्षांत रस्त्यावर कुणी थांबून एकचाकी पाहू लागलं की दामू माझ्या खांद्यावर हात टाकून सांगायचा, "शाफ्ट यानं केलाय. कंदी मोडनार नाय." मी छाती फुगवून उभा राहायचो.

मला तिथे रडू फुटलं, सगळ्या दिवसांचं. वहिनीने हात पुढे केला. "द्या ती हिकडं. लसून ठेचायचाय. जेवून जावा."