कानाला न लागलेला हात

"काऊन गुरुजी, तुमच्या लोकायच्या साऱ्याच बाया एक जुलैलेच बाळंत होतेत का?"

गोंदियाच्या कोर्टाच्या व्हरांड्यात शाळा समितीच्या अध्यक्षांनी मला हे विचारलं. भोवतीची माणसं हसली. "सुईन बिचारी थकत असन," ते पुढे म्हणाले. पुन्हा हसू. मीही हसलो. काखेत शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर होतं. मी गोंड. माझीही जन्मतारीख एक जुलैच.

नुकताच साक्ष देऊन बाहेर आलो होतो. दोन पोरांनी कोहमाऱ्याच्या ढाब्यामागे एका ट्रकवाल्याला रॉडने मारून त्याचा मोबाईल हिसकावला होता. एक अध्यक्षांचा पोरगा, दुसरा आमच्या टोल्यावरचा, म्हणजे गोंडवस्तीतला, सुखदेव. दोघांनीही मारलं. त्या ट्रकवाल्याचा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. ते मी विसरत नाही.

पण अध्यक्षांच्या पोराजवळ दवाखान्याचा जन्मदाखला होता. वय सतरा. तो बाल न्याय मंडळापुढे गेला. समुपदेशन झालं, घरी आला. सुखदेवजवळ फक्त माझं रजिस्टर. अठरा वर्षं पाच महिने. मोठ्याने लहानाला नादी लावलं, असं ठरलं. पाच वर्षं सक्तमजुरी.

साक्षीत मला एवढंच विचारलं होतं, "नोंद बरोबर आहे?"

"रजिस्टरप्रमाणे बरोबर आहे," मी म्हणालो.

आता खरं सांगतो. सुखदेवला शाळेत घातलं त्या वर्षी पट कमी होता, शाळा बंद पडायला आली होती. मी टोल्यावर फिरून पोरं गोळा करून राहिलो होतो. जन्मदाखला कुणाकडेच नाही. आमच्याकडे माप एकच. हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की पोरगं सहा वर्षांचं. मग एक जुलै लिहायची, मोकळं व्हायचं. मलाही माझ्या गुरुजींनी असंच मोजलं होतं.

सुखदेवचा हात लागला नाही. मी त्याचं कोपर धरून ओढलं, मान वाकवली. लागला.

त्याची माय सगनबाई बाजूला उभी राहून सांगत होती, "गुरुजी, तलावाची पार फुटली ना, त्याच्या म्होरच्या मोहफुलात झाला हा. चारच वर्सं झाले."

मी ऐकलं. लिहिलं दुसरंच.

म्हणजे ट्रकवाल्याला मारलं त्या दिवशी सुखदेव साडेसोळा वर्षांचा होता. अध्यक्षांच्या पोराहून लहान. साक्षीच्या दिवशी हे मला ठाऊक होतं. नोकरीपायी गप्प बसलो. नंतर सगनबाई रस्त्यात दिसली की गाडी दुसरीकडे वळवायचो. तिने कधी अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं झालं असतं.

गेल्या आठवड्यात अध्यक्षांनी घरी बोलावलं. ते खाटेवर, मी उभा. कागद टाईप करून तयार होता. 'जन्मतारीख मुलाच्या आईने सांगितल्याप्रमाणे लिहिली.'

"सही करा. अपिलात सुखदेवचा वकील वयाचं काढून राहिला. उद्या माह्या पोरालेच मोठा ठरवन."

"तिनं ही तारीख सांगितली नव्हती."

"तिले कायची तारीख समजते? अंगठेवाली बाई."

तिला समजत होती. तिच्याजवळ साल होतं, मोसम होता. शिकलेला मी, आणि अंदाजपंचे लिहिणाराही मीच. माझी चूक आता तिच्या अंगठ्यावर ढकलायची होती.

कागद खाटेवर ठेवला. "सही नाही करत."

"पेन्शन जाईन, गुरुजी."

"जाऊ द्या."

या वेळी कुणी हसलं नाही. मीही नाही.

सोमवारी शपथपत्र देतो आहे. सुखदेव निर्दोष आहे असं त्यात लिहिणार नाही. त्यानं मारलं, त्याचा जाब त्यानं द्यावा. पण साडेसोळा वर्षांच्या पोराला विचारतात तसा. अध्यक्षांच्या पोराला लावलं तेच माप. आणि माझा जाब मला विचारा.

शपथेवर सांगणार आहे : हात कानाला लागला नव्हता. मी लावला.