तारेवरचं लाल

वैजंतावहिनी ओलं कापड झटकायच्या त्याचा आवाज खाली जिन्यापर्यंत यायचा. फट्! मग दोन्ही हातांनी ते तारेवर ताणायचं, दोन चिमटे लावायचे आणि कमरेवर हात ठेवून एकदा बघायचं, भाकरी फुगली की बघतात तसं. यात नवल काही नाही. सांगलीत तेव्हा सगळ्याच बायका गच्चीवर कपडे वाळत घालायच्या. नवल होतं ते कापडात. रस्त्याच्या बाजूच्या तारेवर, भर उन्हात, कशाच्याही आड न लपता लटकायची वहिनींची लाल, जाळीची, कडेला बारीक फुलं असलेली... बघा, इतकी वर्षं झाली तरी शब्द लिहिताना पेन अडतंय. ब्रेसियर. झालं, लिहिला एकदाचा.

नव्वदीच्या सुरुवातीला मी लग्न होऊन साताऱ्याहून सांगलीत आले आणि तिथल्याच एका शाळेत शिकवायला लागले. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात 'आतले कपडे' वाळत घालायची रीत शिकवली. आधी ते, त्यावर टॉवेल, टॉवेलला चिमटा. म्हणजे वारा सुटला तरी अब्रू शाबूत. माझ्या आईचंही हेच शास्त्र होतं. दोन्ही घरांचं एवढ्या एका गोष्टीवर मात्र पूर्ण एकमत. माझी पांढरी कापडं टॉवेलाखाली वाळायची, म्हणजे खरं तर दमटच राहायची, आणि तशीच अंगात घालून मी शाळा गाठायचे.

पहिल्या दिवशी गच्चीवर ते लाल दिसलं आणि मी बादली घेऊन तशीच मागे फिरले. वस्तू त्यांची आणि कान तापले माझे!

"आवं मास्तरीणबाई, परत का निघाला? तार लय मोकळी हाय," वहिनी म्हणाल्या.

"नंतर येते."

"नंतर कवा? उनं गेल्यावर?"

वहिनी आमच्या शेजारच्याच दोन खोल्यांत राहायच्या. माहेर-सासर दोन्ही म्हसवडकडचं. उंच, रापलेल्या, पदर कायम कमरेला खोचलेला. नवरा फौजेत हवालदार, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. मधे काही वर्षं त्या त्याच्याबरोबर पंजाबात क्वार्टरमध्ये राहून आल्या होत्या. तिथे एका सरदारणीनं त्यांना बाजारात नेलं. "तवर मी बॉडी म्हंजी जत्रंतल्या ढिगातनं उचलायची. माप असतंय हेच ठावं न्हवतं. ती सरदारीन म्हनली, बहेनजी, बोरी पहनी है क्या? पोतं घातलंय का म्हनली मला!" हे सांगताना त्या स्वतःच पोट धरून हसायच्या. ते लाल नवऱ्यानंच पसंत केलेलं, दुकानदारासमोर छाती पुढे काढून. हेही त्या सांगायच्या, आणि मी खाली मान घालून ऐकायचे.

खालच्या मालकीणकाकूंना ते लाल पहिल्यापासून खुपायचं. एके दिवशी त्यांनी वहिनींना गच्चीवरच गाठलं. मीही होते तिथे.

"अगं वैजंता, रस्त्यावरून दिसतं ते. जरा टॉवेल टाकत जा वर."

"काकू, अंग झाकाय कापड असतं. आता कापड झाकाय आनि कापड कशाला वं?"

"आणि नवरा तिकडे सरहद्दीवर. मग हे थेर कुणासाठी?"

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. वहिनी चिडल्या नाहीत. पिळलेला परकर झटकत म्हणाल्या, "घरात कुनी नसलं म्हंजी तुमी आळणी जेवता व्हय, काकू?"

काकू तणतणत खाली गेल्या. खरं सांगते, मनातून मी काकूंच्याच बाजूनं होते. ते लाल तिथून जावं, म्हणजे मला सुखानं कपडे वाळत घालता येतील, एवढंच मला वाटायचं.

माझी अडचण मी कुणालाच सांगितली नव्हती. अंगानं मी पहिल्यापासून भरलेली. त्याची लाज वाटून मी खांदे पाडून, हजेरीपट छातीशी धरून चालायचे. साताऱ्यात असताना आई मला पेठेतल्या दुकानात न्यायची आणि हळूच म्हणायची, "हिच्या अंगाचं द्या." दुकानदार आढ्याकडे बघत वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून द्यायचा आणि घरी येऊन ते काचायचं. खांद्यांवर खोल वळ आणि छातीखाली चट्टे उठले होते. खाजवून रक्त यायचं. डॉक्टर पुरुष. सांगायचं कसं?

वहिनींनी ते न सांगताच ओळखलं. एकदा त्यांच्या शाळकरी लेकीची वही दाखवायला आल्या होत्या, जाता जाता म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमी फळ्यावर वरच्या वळीत लिवतच नसशीला."

खरंच नव्हते लिहीत. हात वर केला की खाली चट्टा फाटायचा. आणि पोरांकडे पाठ करून हात वर करायचा म्हणजे... नकोच ते. माझा निम्मा फळा कायम कोरा असायचा.

वहिनींनी त्याच दिवशी शिंप्याची टेप काढली. मी पोट आत घेतलं तर पाठीत धपाटा! "श्वास धरू नगा. धरल्याल्या श्वासाचं माप खोटं." मग शनिवारची शाळा सुटल्यावर मला पेठेत नेलं. इथलाही दुकानदार आढ्याकडेच बघत होता. वहिनी म्हणाल्या, "वर काय पाल हाय का? डब्या काढा खाली." त्यानं काढल्या. डब्यांवर गोऱ्या बायका होत्या. मी त्यांच्याकडे न बघता पांढऱ्या कापडावर बोट ठेवलं. वहिनींनी ते बाजूला सारलं आणि गडद निळं जाळीचं पुढे केलं. रुंद पट्ट्या, आतून मऊ अस्तर.

"अहो वहिनी, हे मला कसं दिसेल?" मी कुजबुजले. धरणी दुभंगेल तर बरं असं झालं होतं.

"दिसायचं कुनाला हाय? तुमाला ग्वाड वाटतंय का बगा. घातल्यावर ज्याची आठवन ऱ्हात न्हाई, त्येच आपल्या मापाचं."

सोमवारी ते घालून शाळेत गेले. मुख्याध्यापकांना कळणार, शिपायाला कळणार, पोरांना तर नक्कीच कळणार, असं वाटत होतं. कुणाला कशाचा पत्ता नव्हता. तिसऱ्या तासाला गणित शिकवताना मी फळ्याच्या अगदी वरच्या ओळीपासून सुरुवात केली, आणि गणित सुटल्यावर लक्षात आलं की मघापासून त्या निळ्याची आठवणच राहिली नव्हती.

एवढं होऊनही वाळत मात्र मी ते टॉवेलाखालीच घालायचे. वहिनी रोज टॉवेलाचं टोक उचलून विचारायच्या, "काय, कैदी हाय का जागंवर?"

पुढच्या दिवाळीनंतर फौजेची गाडी दारात आली. कुठल्याशा घाटात हवालदारांचा ट्रक दरीत गेला होता. म्हसवडहून माणसं आली. वहिनींचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, जोडवी काढली. त्यांच्या सासूनं कपाटातली लाल-हिरवी लुगडी चादरीत बांधून नणंदेच्या हवाली केली. मी कोपऱ्यात बसून बघत होते. अशा वेळी शेजारीण चहा करते, तो मी केला. लेक दहावीला होती म्हणून परीक्षेपर्यंत इथेच राहायचं ठरलं आणि सासू सोबतीला राहिली.

तारेवरची ती जागा रिकामी झाली. जे लाल तिथून जावं म्हणून मी मनात किती वेळा म्हटलं होतं! आता ते गेलं आणि मला गच्चीवर जाववेना.

एका दुपारी सासूचा डोळा लागलेला बघून वहिनी माझ्या स्वयंपाकघरात आल्या. दार लोटलं. पदर बोटभर सरकवला. पांढऱ्या ब्लाउजच्या काठाशी लाल पट्टी होती.

"वरचं समदं काढलं त्येंनी," त्या म्हणाल्या. "आतलं कुनी इचारलंच न्हाई."

त्यांनी मान खाली घातली. वहिनींना मान खाली घालताना मी कधी बघितलंच नव्हतं.

"पर वाळवाय जागा न्हाई वं. सासू बगती. मोरीत दाराआड टाकते, सकाळी वलंच घालते. चट्टं उठल्यात तुमच्यागत." त्यांनी पट्टी परत पदराखाली सारली. "ह्येंनी पसंत केल्यालं हाय. टाकू कसं? तुमच्यात वाळत घालशीला? तुमचं म्हनून?"

"घालीन की. टॉवेलाखाली..."

"टावेलाखाली नगं, मास्तरीणबाई. उनात घाला."

दुसऱ्या दिवशी मी ते रस्त्याच्या बाजूच्या तारेवर घातलं. अंगणातून काकूंची हाक आलीच. "कोण गं ते? वैजंताचं ना? अजून घालते? लाज आहे की नाही काही?"

गच्चीवरचं बोलणं ऐकू जाईल एवढ्या अंतरावर वहिनींचं दार उघडंच होतं. त्यांची सासू उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती.

"नाही काकू, माझं आहे. त्यांच्यासारखंच आणलं मी."

"तुझं? शिक्षिका ना गं तू?"

"माझंच," मी म्हणाले. कान नुसते तापले होते. माझ्या सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. पण तो हिवाळाभर वहिनींचं लाल उन्हात वाळलं, माझ्या नावावर. त्याच्याच शेजारी, टॉवेलाखाली, माझं निळं दमट राहिलं. दुसरीसाठी खोटं बोलायचं धाडस झालं, स्वतःसाठी खरं सांगायचं काही होईना. कमाल आहे की नाही?

परीक्षा संपली तसा म्हसवडहून टेम्पो आला. मी ते लाल घडी करून, शेंगदाण्याच्या चटणीच्या पुड्यासोबत वहिनींच्या पिशवीच्या तळाशी घातलं. त्यांनी वरून हातानं चाचपून बघितलं. सासू शेजारीच उभी होती. वहिनी तिच्यादेखत मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्याकडं दुसरं काय नसलं तरी ऊन लय हाय. वाळायची काळजी न्हाई. तुमीच हितं दमट ऱ्हाता." मग टेम्पोत चढल्या. पुन्हा आमची भेट झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेऊन वर गेले. निळं तारेवर घातलं. सवयीनं हात टॉवेलाकडे गेला. तो उचलला, आणि पलीकडच्या तारेवर टाकला.

"आता हे कुणाचं?" खालून काकू ओरडल्या.

"माझं," मी म्हणाले.

लाज वाटायची ती वाटलीच. पण शाळेची वेळ होईतो ते खडखडीत वाळलंही होतं.