यानोशच्या राजाची आंघोळ

त्या दिवशी इथे परदेशात, मुलगा राहतो त्या अवोन्डेलात ऊन स्वच्छ होतं, पण वारा असा, की दोरीवरचं माझं धोतर शेजारच्या लिंबाच्या झाडावर जाऊन बसलं. ते आणायला गेलो आणि यानोशची ओळख झाली. तो हंगेरीचा, मी साताऱ्याकडचा. इंग्रजी दोघांचंही मोडकं, म्हणून लगेच जमलं. त्याच्या जुन्या नाण्यांपायी इतक्या गमती साठल्या, की सून म्हणाली, "नाना, लिहून काढा." शाळा दोनच इयत्ता, तेव्हा जमेल तसं लिहितोय.

*

चहा घेता घेता त्याने एक डबी उघडली. आत नखाएवढं, काळंकुट्ट चांदीचं नाणं. त्यांचा पहिला राजा इस्तवान, त्याने पाडलेलं, हजारेक वर्षांपूर्वीचं. देश सोडताना आईने हातात दिलेलं. मधे क्रूस, कडेने अक्षरं.

"राजाचा चेहरा कुठाय?" मी विचारलं.

"नाव आहे की. चेहरा कशाला?"

"मला तुमची अक्षरं येत नाहीत, बाबा. चेहरा असता तर ओळख तरी झाली असती."

*

त्याचे नाणीवाले मित्र शनिवारी लायब्ररीत जमायचे. मलाही नेलं. त्यांचा म्होरक्या ब्रायन मला म्हणाला, "सर, नाणं कडेने धरा." मला जन्मात कोणी सर म्हटलं नव्हतं. नाणं परत द्यायचं विसरून दुपारभर तसाच धरून बसलो.

*

मग यानोशचं हार्टचं ऑपरेशन ठरलं. जाताना डबी माझ्याकडे दिली. "आईची एवढीच वस्तू उरलीय. सांभाळ."

घरात सगळ्यात भरवशाची जागा देव्हारा. नाणं तिथे ठेवलं. दिवाळीत हिने देवांची चांदी दात घासायच्या पांढऱ्या पावडरने उजळली, त्यात राजाही उजळला.

मी कौतुकाने ब्रायनला दाखवायला गेलो. तो खुर्चीत बसलाच. "नाना, तो काळा थर म्हणजे त्याचं वय होतं. तो परत येत नाही. यानोशला काय सांगणार?"

घरी येऊन हिला सांगितलं. "मग देवात काळं ठेवायचं होय?" असं म्हणाली खरी, पण त्या दिवशी तीही जेवली नाही.

*

रविवारी वॉर्डात गेलो. डबी त्याच्या हातात दिली आणि सगळं सांगून टाकलं, पावडरसकट. यानोशने चष्मा लावला, नाणं खिडकीच्या उजेडात बराच वेळ फिरवून पाहिलं. मी आपला त्याच्या चादरीकडे बघत उभा.

"कुठे ठेवलं होतं म्हणालास?"

"देव्हाऱ्यात. बाळकृष्णाशेजारी."

"रोज पूजा?"

"रोज. हळद, कुंकू, फूल."

तो उशीला टेकला. "आमच्याकडे या राजाला संत मानतात, नाना. आई त्याच्या नावाने मेणबत्ती लावायची, आणि मी त्याला इतकी वर्षं डबीत कोंडलं." मग हळूच म्हणाला, "नैवेद्याला काय काय होतं?"