मुठीत मावणारा फोन

"मोठा आहे म्हणून नको? अगं, लोक मोठ्यासाठी जीव टाकतात!" दादाचा आवाज चढला होता.

"टाकू देत. खिशात मावत नाही तो माझा फोन कसा?"

"मग खिसा मोठा शिव! कपडे शिवतेस ना?"

वहिनी हसली. ती अशी पटकन हसली, की हे बोलणं आधीच स्वयंपाकघरात होऊन गेलंय याची आत्याला खात्री पटली. आत्या म्हणजे दादाची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आली, ती इथलीच झाली. भाचीची आत्या, म्हणता म्हणता सगळ्यांचीच आत्या.

टेबलावर नवा फोन पसरला होता. पडला होता म्हणण्यापेक्षा पसरलाच होता. आत्यानं तो एका हातात धरून पाहिला. अंगठा निम्म्यापर्यंतही पोचेना.

"तुझ्या डोळ्यांसाठी घेतलाय," दादा म्हणाला. "जुना उद्या दुकानदार घेऊन जाईल. बदल्यातच ठरलंय तसं."

"मला न विचारता?"

"वन्सं, विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात," वहिनी म्हणाली, जणू त्यात सगळा खुलासा आला.

आत्या कामावर निघून गेली. पण डोक्यात किडा वळवळत राहिला. डोळ्यांची काळजी आताच का? सुईत दोरा ओवायला भाचीला हाक मारावी लागते, त्याला वर्षं झाली.

एका जिन्याखालच्या दुकानात ती कपडे दुरुस्तीचं काम करायची. उसवलेलं शिवणं, कंबर आवळणं, आणि हल्ली सर्वांत जास्त म्हणजे खिसे. खिसा बेतायला तिच्याकडे पुठ्ठ्याचा एक तुकडा असायचा. फोन वाढले तसा तो दरवेळी नवा कापावा लागायचा, आणि दरवेळी आधीच्यापेक्षा रुंद. त्या दिवशी ती प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत सुटली, तुम्हाला कसला फोन हवा?

बँकेतल्या बाईंना रुमालासारखी घडी होणारा हवा होता. "आणि घडीवर रेघ पडायला नको हं." कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, "बटणं द्या बाई परत. हातमोजे घालून काचेवर किती घासू?" निवृत्त मास्तरांना पाठीमागचं झाकण उघडून बॅटरी बदलता यायला हवी होती, टॉर्चसारखी. "आणि हातातून पडला तर माझ्याआधी जाता कामा नये." पँट आखूड करायला आलेल्या कॉलेजातल्या पोरीला तर फोनच नको होता. "अंगठी असावी, आत्या. बोटात घातली की झालं."

कोणीही मोठा मागितला नाही. पण सगळ्यांच्या हातात मोठाच होता.

"लहान मिळतच नाहीत," बँकेतल्या बाई म्हणाल्या.

"मिळत नाहीत, की ठेवत नाहीत?" आत्या म्हणाली. "मोठा फोन आपल्याला बघायला नसतोच. शेजारच्याला दिसायला असतो."

बाईंनी आपला फोन हळूच पालथा घातला.

आत्याचा फोन मुठीत मावायचा. एका हातानं कापड धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ती उत्तर लिहायची, आणि समोरच्याला वाटायचं बाई खडू शोधतेय. त्यात एकच गोष्ट लपवण्यासारखी होती. काजं करून देणारी तिची मैत्रीण एक जागा बघत होती. पुढे दुकान, मागे राहायची खोली, दोघींची मिळून. आत्या हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. घरी तर अवाक्षर काढलं नव्हतं. मागे एकदा स्वतःचं शिलाई मशीन घ्यायचं तिनं बोलून दाखवलं, तर चर्चा होता होता घरात सोफा आला. या घरात तिची गोष्ट तोंडातून निघाली, की ती सगळ्यांची व्हायची.

संध्याकाळी ती अंघोळ करून बाहेर आली, तेव्हा तिघं टेबलाभोवती बसली होती. जरा जास्तच गुण्यागोविंदानं.

"आत्या, बोट ठेव इथे," भाची म्हणाली. "म्हणजे फोन तुला ओळखेल."

आत्यानं बोट ठेवलं. फोननं ओळखलं नाही. दुसरं ठेवलं. पदराला पुसून अंगठा ठेवला. छे. इस्त्री, सुया आणि खडू यांनी बोटांची टोकं पार गुळगुळीत करून टाकली होती.

"थांब, बिघडलाय का बघू," म्हणत दादानं आपला अंगठा टेकवला. फोन झटकन उघडला.

"तुझा अंगठा यात कसा?"

"अडीअडचणीला असावा."

"आणि वहिनीचा?"

"आईचाही," भाची म्हणाली. "माझाही आहे. अगं, तू कुठे पडलीबिडलीस तर?"

"म्हणजे माझा फोन माझ्याशिवाय सगळ्यांना उघडतो."

"बोटं तुझी झिजली, त्यात आमचा काय दोष?" दादा म्हणाला.

आत्याची नजर फळीवर गेली. तिचा जुना फोन तिथे उताणा होता. "माझं कार्ड?"

"यात टाकलं ना! तू अंघोळीला गेलीस तेवढ्यात. आणि अक्षरंही मोठी करून ठेवलीत," भाची खुशीत म्हणाली. त्या खुशीत खोट आहे का, हे आत्या तिच्या चेहऱ्यावर शोधत होती, तोच फोन वाजला. दुकानाच्या पाटीवर शोभतील एवढी अक्षरं पडद्यावर उमटली. टेबलाच्या त्या टोकाला बसलेल्या वहिनीनं ती चष्म्याशिवाय वाचली, तीही मोठ्यानं.

"'खोलीची किल्ली हातात आली. आज तरी सांग, येतेस की नाही?'"

मग वहिनीच म्हणाली, "मी म्हणत नव्हते? काहीतरी आहे म्हणून?"

म्हणजे म्हणत होती. म्हणजे डोळ्यांची काळजी नव्हती, किंवा होतीही. आता वेगळं काढता येण्यासारखं राहिलं नव्हतं.

"कसली खोली?" दादानं विचारलं. त्याचा चेहरा पडला होता. तो खरंच दुखावलाय की दुखावल्यासारखं करतोय, हे आत्याला ठरवता येईना, आणि सख्ख्या भावाबद्दल ते ठरवावं लागतंय याचंच तिला वाईट वाटलं. गिऱ्हाइकाचा निरोप आहे, असं सांगून मोकळं होता आलं असतं. तशी थाप जिभेवर आलीही होती.

"काजवालीनं घेतलेली," ती म्हणाली. "पुढे दुकान, मागे आम्ही दोघी. शनिवारी मी तिथे राहायला जाणार आहे. आणि जुना फोन उद्या कोणालाही द्यायचा नाही."