पाठराखीण

माझी मुलगी सात वर्षं मुलगा होती. म्हणजे ती नव्हती, आम्हीच तसं धरून चाललो होतो. बोलायला लागल्यापासून ती "मी जेवते, मी झोपते" असंच म्हणायची आणि मी घास भरवता भरवता दुरुस्ती करायचो, "जेवतो म्हणावं." ती मान हलवायची, घास गिळायची आणि म्हणायची, "जेवले." व्याकरणात इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

माले गावात आमची पिठाची गिरणी आहे. गिरणीत दळणाबरोबर गावच्या गोष्टीही येतात. तिनं केस वाढवले तेव्हा बायका डबा ठेवता ठेवता विचारायच्या, "नवस बोललाय व्हय?" मी हो म्हणून मोकळा व्हायचो. कुठल्या देवाला, असं विचारलं की लगेच गिरणी चालू करायचो. त्या आवाजात देवाचं नावसुद्धा ऐकू येत नाही.

बायको माझ्यापेक्षा धीट. ती आम्हा दोघांना पुण्यात एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई तासभर मुलीशीच बोलल्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तिला काही झालेलं नाही. तुम्हाला काय काय होतंय ते सांगा." मला बरंच काही होत होतं. परतताना बायकोनं पौडला थांबून पोरीला पहिला फ्रॉक घेतला. मी दुकानाबाहेर उभा राहून ओळखीचं कुणी येतंय का ते बघत होतो, जसा काही आम्ही तो फ्रॉक चोरतच होतो.

आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, कसं सांगावं म्हणून मी आठवडाभर वाक्यं जुळवली. ती कामाला आलीच नाहीत. पोरगी स्वतःच गोठ्यात गेली. आबा धार काढत होते.

"आबा, मी तुमचा नातू न्हाई. नात हाय."

आबांनी हात थांबवला नाही. "बरं. पण वैरण टाकायचं चुकवायचं न्हाई."

नंतर मला एकट्याला गाठून त्यांनी विचारलं, "हे खरं हाय व्हय रं?" मी हो म्हणालो. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पारावर कुणाला तरी "आमची नात" म्हणून आले आणि घरी येऊन मलाच झापलं, "तुझ्या तोंडात अजून 'तो' येतोय. काय रं, जीभ जड हाय का?"

ती नऊ वर्षांची असताना माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. नवरदेव ताम्हिणीचा, घरचा धाबा. बहिणीनं त्याला आधीच सगळं सांगितलं आणि बजावलं, "करवली माझी भाचीच." तो म्हणाला, "चालतंय. आईला मी सांगतो." आणि मुलगे आईला जसं सांगतात तसंच त्यानं सांगितलं, म्हणजे सांगितलंच नाही. हे आम्हाला लग्नाच्या दिवशी सकाळी कळलं.

हिरवा परकर-पोलका घालून, हातात करा धरून आमची पोरगी नवरीच्या मागे उभी राहिली. मी वऱ्हाडातल्या एकेकाचं तोंड न्याहाळत होतो. नवरीचा भाऊ म्हणून नवरदेवाचा कान पिळायचा मान माझा. माझा हात कसा तरी कानापर्यंत गेला, तर मागून कुजबुज आली, "बाबा, जोरात!"

जेवणं झाली आणि नवरदेवाचे बूट सापडेनात. सगळ्यांनी करवलीकडे बघितलं. नवरदेवानं खिशात हात घातला.

"पैसे नकोत," ती म्हणाली. "मला पाठराखीण म्हणून न्या."

परकं घर, परक्या बायका, दोन दिवस. "लहान आहे हो ती," मी म्हणालो, "आणि शाळा..."

"उन्हाळ्यात कसली शाळा?" विहीणबाई म्हणाल्या. "येऊ द्या की पोरीला."

मी आणखी एक कारण शोधत होतो, तेवढ्यात आबा गरजले, "मग काय जावई अनवाणी जायचा का?" बूट कोंड्याच्या पोत्यातून निघाले आणि पोरगी जीपमध्ये जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी मी एकाच्या गव्हात दुसऱ्याची ज्वारी दळली. बायको म्हणाली, "पाठराखीण म्हणून गेलीय, लढाईला नाही." पण भाकरी थापतानासुद्धा फोन तिच्या मांडीवर होता.

तिसऱ्या दिवशी मी मुराळी होऊन बहिणीला आणि पोरीला आणायला ताम्हिणीला गेलो. चहा होतोय न होतोय तोच विहीणबाईंनी मला पडवीत बाजूला घेतलं. "तुमच्या पोरीबद्दल बोलायचंय."

मी पेला खाली ठेवला.

"आमच्या सूनबाईला चुलीपाशी जाऊ देईना. 'आत्या पाव्हणी हाय' म्हणती. आमी भजी तळायची अन् ह्या दोघींनी खायची!"

मी श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत त्या म्हणाल्या, "अन् दुसरं. मला ठाऊक हाय सगळं. पौडच्या बाजारात लग्नाआधीच कानावर आलं व्हतं. लेकाला वाटतंय त्यानं लपवलं."

"मग... तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? तिच्या वेण्या मीच घातल्या. लई गुंततात केस, तेल लावत जा जरा." मग माझ्याकडे निरखून म्हणाल्या, "तुमी मात्र लग्नात असं तोंड करून उभं व्हता, मला वाटलं दागिन्यांत खोट हाय."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्यांनी ते बघितलं असणार, कारण चहा गार झालाय म्हणून पेला उचलून त्या आत गेल्या.

सगळंच असं गोड झालं नव्हतं. येताना जीपमध्ये बहिणीनं सांगितलं, नवरदेवाचे चुलते पंगतीत पोरीशेजारून उठून दुसरीकडे जाऊन बसले होते. मी पोरीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर धरणाचं पाणी बघत होती.

"तुला वाईट वाटलं?"

"वाटलं," ती म्हणाली. "मग भजी वाढायला मीच गेले. त्यांच्या पानात मिरचीची वाढली."

"चुकून?" बहिणीनं विचारलं.

"न्हाई."

मी रागवायला हवं होतं. मी ड्रायव्हरला रस्त्याबद्दल काहीतरी विचारलं. घरी पोचल्यावर तिनं आबांनाही हे सगळं सांगितलं. ते वैरण तोडत होते.

"किती वाढलीस?"

"दोन."

"अगं, पाच-सहा तरी वाढायचीस," आबा म्हणाले.