सतरा मीटरवरचा खडक

संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, सातपुड्यातून उतरणाऱ्या एका नदीवर पुलाचं काम चालू होतं. तिथं पायलिंगचं मशीन माझ्याकडं होतं. जमिनीत खोल गोल भोक पाडायचं, खडक लागला की थांबायचं. मग क्रेननं त्यात सळ्यांचा पिंजरा सोडतात, काँक्रीट भरतात. जमिनीतल्या असल्या खांबांवर, म्हणजे पाइलवर, पूल उभा राहतो. बरीच वर्षं हेच केलं, पण सगळी परमुलखात. आपल्याच जिल्ह्यात काम मिळालं तेव्हा बायको म्हणाली होती, "आता तरी घरी दिसान तुमी."

त्या दिवशी चार वाजता पिंपळगाव राजाला तिच्या शिलाईच्या दुकानाचा नारळ फुटायचा होता. सकाळपासून तिचे तीन फोन झाले होते. "निंघाले का?" एवढंच विचारायची. साडेबाराची एसटी पकडायची, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

अकराच्या सुमारास सतरा मीटरवर मशीनची माती खरडणारी बकेट अडली. खरा खडक लागला की सगळं मशीन एकसारखं हादरतं, बुडाखालची सीटसुद्धा. इथं मात्र दर फेऱ्याला बकेट एका बाजूला जरा घसरत होती. हाताला ते कळलं. मी तसाच लिव्हर दाबून बसलो.

इंजिनिअर मॅडम चिखलीच्या, नोकरीचं पहिलंच वर्ष. बकेटमधले काळे तुकडे तळहातावर घेऊन त्या केबिनपाशी आल्या.

"काका, शेजारच्या तिन्ही पाइलला एकवीसच्या पुढं खडक लागला. इथं सतरालाच कसा? तुमच्या हाताला काय वाटतं?"

मी घड्याळाकडं पाहिलं. "लागला मॅडम. खडक कुठं वर येते, कुठं खाली जाते."

खडक वरखाली असतो हे खोटं नव्हतं, म्हणून तर ते इतक्या सहज तोंडातून निघालं. त्यांनी मान हलवली, लिहून घेतलं. मी मशीन मागं घेऊन हातपाय धुतले, शर्ट बदलला आणि गाडी पकडली.

खिडकीची जागा मिळाली, पण बसवेना. पाय आपोआप हलत होते. शेजारचा म्हातारा म्हणाला, "काऊन हो, पोटात दुखून राह्यलं का?" मी नाही म्हणालो. डोळ्यांपुढं ती बकेट घसरत होती. डोंगरातून वाहून आलेले घराएवढे मोठे धोंडे या नदीच्या पोटात पडलेले असतात. त्यातल्याच एखाद्यावर मी पुलाचा पाय ठेवून आलो असेन तर?

वरवटच्या फाट्यावर उतरलो आणि फोन लावला.

"मॅडम, काँक्रीट थांबवा. मी परत येतो."

"पिंजरा अर्धा खाली गेलाय काका!"

"वर काढा. तो खडक नाही, धोंडा असावा."

मग बायकोला फोन केला. सगळं सांगायला शब्द सुचेनात. "मले परत जावं लागते," एवढंच म्हणालो. तिच्या मागून बायकांचं बोलणं, हसणं ऐकू येत होतं. मग फोन बंद झाला.

एका मोटरसायकलवाल्याच्या मागं बसून साइटवर पोचलो, तर सुपरवायझर भोकाच्या काठावरच उभा. "काय बे, सकाळी डोळे मिटून बसला होता का?" सगळ्या माणसांदेखत तो आणखी बरंच बोलला. मी केबिनमध्ये चढलो.

अर्धा तास काहीच झालं नाही. बकेट खरडत राहिली. आपलंच चुकलं, उगाच सगळ्यांचा दिवस घालवला, असं वाटायला लागलं. मग एकदम धोंडा फुटला आणि बकेट हातभर खाली गेली. वर काढली तर पिवळ्या चिकणमातीनं भरलेली. खरा खडक बावीसला लागला; सीट कशी हादरली, ते मी मॅडमना केबिनमध्ये चढवून दाखवलं.

खाली उतरल्यावर मात्र राहवलं नाही. "मॅडम, मले सकाळीच समजलं होतं. घरी जायची घाई होती."

"मी तुमच्या शब्दावर सही केली होती, काका," त्या म्हणाल्या आणि ऑफिसकडं गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी घरी गेलो. दुकान उघडं होतं, बायको ब्लाउज बेतत होती. नारळ माझ्या आईनं फोडला होता. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. तिची कात्री थांबली नाही.

"अन् आधी कधी असं केलं होतं का?" तिनं विचारलं.

"नाही," म्हणालो. लगेच म्हणालो, "आठवत नाही."

तेव्हापासून आठवतोच आहे. कुठं सणाला घरी जायचं होतं, कुठं ताप होता, कुठं ठेकेदार डोक्यावर उभा होता. त्या पाइलवर आता इमारती आहेत, पूल आहेत, त्यांवरून माणसं जातात. बहुतेक जागी खडकच लागला असेल. बहुतेक.