प्राचार्यांनी मोजलेले अकरा इशारे

धुळ्याच्या त्या कॉलेजात माझा कंपायलर हरला, हे मला आजही मान्य नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात मेहरूणला माझा कॉम्प्युटर क्लास होता. त्याआधी पाचोऱ्याला कापसाची दलाली केलेली. त्यामुळे माल पारखायची एकच रीत अंगात भिनली होती: वरचा कापूस बघायचा नाही, ढिगाच्या पोटात हात घालून मूठ काढायची आणि धागा ओढून बघायचा.

कॉलेजला सी भाषा शिकवायला बाहेरचा माणूस हवा होता. ते काम मला हवं होतं, पण माझ्या अटीवर. लॅबमध्ये फुकट मिळणारा कंपायलर चालवायचा. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणारा. सगळीकडे एकच निळ्या पडद्याचा विकतचा कंपायलर चाले, तोही फ्लॉपीवरून चोरून उतरवलेला. माझा मासिकासोबतच्या सीडीवर राजरोस आला होता.

प्राचार्य म्हणाले, "दोन्ही समोरासमोर चालवा." प्रोग्राम विभागप्रमुख सरांचा, गुणपत्रिकेचा. तो मला आदल्या दिवशीच कॉलेजच्या म्हाताऱ्या शिपायाने आणून दिला होता. प्रत्येक मुलाची बेरीज शून्यापासून सुरू करायला सर विसरले होते. मी गप्प बसलो. हुकमाचं पान आधी कोण दाखवतं?

निळ्या पडद्यावर प्रोग्राम मुकाट चालला. एका मुलाचे गुण घातले, बेरीज बरोबर. माझ्या कंपायलरने अकरा इशारे छापले, म्हणजे प्रोग्राममध्ये कुठे कुठे गडबड होऊ शकते त्या ओळी. प्राचार्यांनी ते पडद्यावर बोट ठेवून मोजले.

"ह्याच्यात अकरा चुका. त्याच्यात एकही नाही."

"साहेब, त्या कंपायलरच्या नाहीत. प्रोग्रामच्या आहेत."

"म्हणजे माझ्या?" सर उठून उभे राहिले.

"निळ्यावरच दुसऱ्या मुलाचे गुण घाला ना सर."

सर हलले नाहीत. मीच घातले. पहिल्याचे गुण दुसऱ्याच्या बेरजेत मिसळले. सहाशेपैकी सातशे एक! मागची पोरं फिसकन हसली.

"पोरगं हुशार आहे, सर," मी म्हणालो.

सरांचा चेहरा लालबुंद झाला. "फुकटच्या मालाची वकिली करायला जळगावहून आलात?"

"चोरीच्या मालापेक्षा फुकटचा बरा!"

 चोरीचा माल चालायचा ती लॅब प्राचार्यांचीच होती. ते माझ्याकडे न बघता पोरांकडे वळले.

"निळा कोणाला हवा? हात वर करा."

सगळे हात वर गेले.

"यांनी दुसरा कधी पाहिलाय तरी का?" मी ओरडलो.

"सगळे वापरतात तोच चांगला," प्राचार्य म्हणाले. "या तुम्ही."

दाराशी तोच म्हातारा शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन उभा होता. हळूच अहिराणीत म्हणाला, "भाऊ, तुमनं बठ्ठं खरं शे. पन काल सरले एकटाले सांगी देतात तं?"

माझं सगळं खरं, पण काल सरांना एकट्याला सांगितलं असतं तर? मी पाणी न पिताच निघालो. एसटी स्टँडपर्यंत त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, कारण दलालीत मीही तेच करायचो. माल खराब निघाला, तर शेतकऱ्याला बाजूला घेऊन सांगायचो.

उरलेले दहा इशारे कशाचे होते, ते सरांनी कधी विचारलं नाही. मला ते अजून पाठ आहेत.